अॅनालिटिकल केमिस्ट्री आणि पोरस मटेरियल्समध्ये पीएचडी करायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी संपत आलेली किंवा संपवून एखाद-दोन वर्षं क्यूसीमध्ये (कंपनीच्या माल तपासणाऱ्या विभागात) नोकरी करणारी मुलं-मुली हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. फेलोशिपचे आकडे आणि प्रवेशाचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची नोटीस स्वतः उघडून वाचाच.

पोरस मटेरियल म्हणजे नेमकं काय?

आत बारीक बारीक पोकळ्या असलेला घन पदार्थ. पोकळी २ नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर मायक्रोपोर, २ ते ५० मधली मेसोपोर आणि ५० च्या वर मॅक्रोपोर, हे आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेचं वर्गीकरण आहे आणि मुलाखतीत हमखास विचारतात. झिओलाइट, अॅक्टिव्हेटेड कार्बन, सिलिका, एमओएफ म्हणजे मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क, सीओएफ म्हणजे कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, ही सगळी त्यातलीच मंडळी. आतला पृष्ठभाग किती असतो ते आपल्या मापात सांगतो, युआयओ-६६ नावाच्या झिर्कोनियमच्या एमओएफचा एक ग्रॅम घेतला तर साधारण हजार-बाराशे चौरस मीटर, म्हणजे दहा-बारा गुंठे, आणि एनयू-११० सारख्या एमओएफमध्ये तो सात हजारांच्या आसपास जातो, म्हणजे पावणेदोन एकराच्या जवळ, एका ग्रॅममध्ये!

झिओलाइट तर आपल्या पायाखालीच आहेत. दख्खनच्या बसाल्टमध्ये, पुणे-नाशिक-जळगाव पट्ट्यातल्या खाणींत आणि विहिरी खणताना स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइटचे सुंदर स्फटिक निघतात आणि जगभरातल्या म्युझियममध्ये ते मांडलेले असतात. सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघितलं नसेल तर एकदा बघून या. या विषयावर प्रेम बसायला तेवढं पुरतं.

मग यात अॅनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे पदार्थात काय आणि किती आहे ते मोजणारी शाखा, कुठे येते? मटेरियल तर इनऑरगॅनिकवाले बनवतात ना?

बनवतात, पण बनवलेलं खरंच तेच आहे का, आतली पोकळी रिकामी आहे का, किती गॅस धरते, पाण्यातलं कीटकनाशक किती ओढते आणि पुन्हा सोडते का, हे सगळं मोजावं लागतं, आणि या क्षेत्राची दुखरी नस नेमकी तिथेच आहे. २०२२ मध्ये एक अभ्यास आला, त्यात ६१ लॅबना तेच १८ आयसोथर्म (ठरावीक तापमानाला दाबाप्रमाणे मटेरियल किती गॅस धरतं याचे आलेख) दिले आणि त्यावरून बीईटी एरिया म्हणजे आतला पृष्ठभाग काढायला सांगितला, डेटा सगळ्यांचा एकच असूनही उत्तरं प्रचंड वेगवेगळी आली. त्याआधी २०१७ मध्ये एमओएफवरच्या कार्बन डायऑक्साइड अॅडसॉर्प्शनचे (पृष्ठभागावर चिकटण्याचे) छापलेले आयसोथर्म एकमेकांशी ताडून बघितले तर साधारण पाचातला एक बाकीच्यांशी जुळत नव्हता. नवीन मटेरियल दर आठवड्याला येतायत, ती नीट मोजणारी माणसं कमी आहेत. माझं ठाम मत आहे की अॅनालिटिकलच्या विद्यार्थ्याने या विषयात मागच्या बाकावर बसायचं काहीच कारण नाही, इथे सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

दुसरी बाजू अशी की पोरस मटेरियल हे अॅनालिटिकलचं रोजचं हत्यारच आहे. एचपीएलसी म्हणजे द्रवातली मिश्रणं वेगळी करून मोजणारं मशीन, त्याच्या कॉलममधली सिलिका पोरसच असते. एसपीई कार्ट्रिज आणि एसपीएमई फायबर ही सॅम्पलमधला हवा तो घटक ओढून घेणारी साधनं, जीसी म्हणजे वाफेच्या रूपातली मिश्रणं वेगळी करणाऱ्या मशीनच्या काही कॉलममधली स्टेशनरी फेज, क्वेचर्स या कीटकनाशक तपासायच्या पद्धतीत वापरतात तो ग्राफिटाइज्ड कार्बन ब्लॅक, सगळीकडे पृष्ठभागावर काहीतरी चिकटणं आणि सुटणं हाच खेळ आहे. म्हणजे पीएचडीचे दोन मार्ग झाले, एक म्हणजे पोरस मटेरियल मोजणं आणि दुसरा म्हणजे पोरस मटेरियल वापरून मोजणं. चांगल्या थिसिसमध्ये दोन्ही असतात.

नोबेल मिळालं म्हणजे विषय आता जुना झाला का? उशीर झाला का आपल्याला?

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना एमओएफसाठी मिळालं. रॉब्सनचं सुरुवातीचं काम १९८९ चं, कितागावांनी गॅस आत-बाहेर करून दाखवला तो १९९७ ला, याघींचं एमओएफ-५ १९९९ चं. म्हणजे पायाभूत काम होऊन पंचवीस-पस्तीस वर्षं झालीत, त्यामुळे "नवीन एमओएफ बनवला, एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचनेची तपासणी) काढला, छापला" एवढ्यावर आता चांगली पीएचडी होत नाही, हे खरंय. पण वापराची बाजू आत्ता कुठे उघडतेय. काल्फ-२० नावाचा झिंकचा एमओएफ कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला टनावारी बनवायला लागलेत, बीएएसएफ ते करतेय. असं मटेरियल हजारो वेळा भरलं-रिकामं केलं, त्यात ओलावा आणि सल्फरचे ऑक्साइड आले, तर त्याचं काय होतं हे मोजायला माणसं लागतात. तेव्हा उशीर वगैरे काही झालेला नाही.

पोरस मटेरियलचा सामान्य माणसाला काय उपयोग? घरचे विचारतात, काय सांगू?

२०२१ चा एप्रिल-मे आठवा म्हणावं. जिल्हा रुग्णालयांत पीएसए म्हणजे दाब कमी-जास्त करून हवेतले वायू वेगळे करणारे ऑक्सिजन प्लांट बसवले, त्यांच्या आत झिओलाइट असतं, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे सोडतं. त्याच वेळी आयआयटी बॉम्बेने कारखान्यातलं नायट्रोजन बनवणारं युनिट घेऊन त्यातली कार्बन मॉलिक्युलर सीव्ह काढली, तिथे झिओलाइट भरलं आणि त्याच मशीनमधून ऑक्सिजन काढून दाखवला. फक्त भरलेलं मटेरियल बदललं! घरच्यांना एवढं सांगितलं की बहुतेक वेळा पटतं.

माझं एमएस्सी अॅनालिटिकलमध्ये आहे, सिंथेसिसचा अनुभव शून्य. घेतील का?

घेतील. एमओएफचं सिंथेसिस, निदान सुरुवातीचं, ऑरगॅनिकच्या बारा स्टेपच्या सिंथेसिससारखं नसतं, धातूचं मीठ आणि लिंकर (धातूंना जोडणारा सेंद्रिय रेणू) सॉल्व्हंटमध्ये घालून टेफ्लॉन लायनरच्या ऑटोक्लेव्हमध्ये ओव्हनला ठेवायचं, हे काही आठवड्यांत हाताला बसतं. कॅलिब्रेशन कर्व्ह म्हणजे काय, मॅट्रिक्स इफेक्ट कसा ओळखायचा, ब्लँक का घ्यायचा ही समज मात्र आठवड्यांत येत नाही आणि ती तुमच्याकडे आहे. मुलाखतीत ते ठणकावून सांगा. ऑरगॅनिक आणि फिजिकलवाल्यांनाही दार उघडं आहे, लिंकर बनवायला ऑरगॅनिकवाले लागतातच.

कुठल्या परीक्षा द्यायच्या?

सगळ्यात कामाची सीएसआयआर-यूजीसी नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, केमिकल सायन्सेसचा पेपर. वर्षातून दोनदा असते, २०० मार्क, ३ तास. पार्ट ए मधले २० पैकी १५, बी मधले ४० पैकी ३५ आणि सी मधले ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे, चुकीला पाव मार्क कटतात म्हणजे त्या प्रश्नाच्या मार्कांचे २५ टक्के. सी मधला एक प्रश्न ४ मार्कांचा असतो, खरी मेरिट तिथे ठरते. अॅनालिटिकलचा भाग पेपरमध्ये थोडासाच असतो त्यामुळे फक्त आपल्या स्पेशलायझेशनवर विसंबून कोणी बसू नका, क्वांटम, स्पेक्ट्रोस्कोपी, कोऑर्डिनेशन केमिस्ट्री आणि ऑरगॅनिकची रिअॅक्शन मेकॅनिझम करावीच लागते.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), मग असिस्टंट प्रोफेसर अधिक पीएचडी प्रवेश, आणि तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. जेआरएफ नसलेल्या दोन्ही गटांत पीएचडी प्रवेशाला नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते मार्क एकच वर्ष चालतात, त्यामुळे निकाल लागल्या लागल्या अर्ज करायला लागा.

गेट द्यायची असेल तर पेपरचा कोड सीवाय, स्कोअर ३ वर्षं चालतो. काही विद्यापीठं स्वतःची पेट म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा घेतात, तिथे नेट, सेट, गेटवाल्यांना सहसा पेटमधून सूट असते, पण मुलाखत चुकत नाही.

फेलोशिप किती मिळते? घर चालतं का त्यात?

जेआरएफ महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झालं की ४२,०००, वर एचआरए, तो शहराप्रमाणे वेगळा. सीएसआयआरची फेलोशिप असेल तर वर्षाला २०,००० कंटिंजन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे. पंतप्रधान रिसर्च फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढे ८०,००० मिळतात, शिवाय वर्षाला दोन लाखांची रिसर्च ग्रँट, पण निवड फार कडक आणि ठरावीक संस्थांपुरतीच.

महाराष्ट्रातल्यांनी राज्याच्या फेलोशिप विसरू नका, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. नेट-जेआरएफ निघाली नाही पण रजिस्ट्रेशन झालंय अशा कितीतरी मुलांची पीएचडी या पैशांवर उभी राहिलीय. रजिस्ट्रेशनचं पत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं आधीपासून एका फाइलमध्ये तयार ठेवा, जाहिरात आल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहायला वेळ मिळत नाही.

घर चालतं का, तर एकट्याचं चालतं, हॉस्टेल मिळालं तर बरं चालतं. पण कुठलीही फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला पगारासारखी येईल असं धरून ईएमआय घेऊ नका. चार-पाच महिन्यांचे पैसे एकदम येणं ही नेहमीची गोष्ट आहे, तेवढी शिल्लक जवळ असू द्या किंवा घरच्यांशी आधी बोलून ठेवा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठे कुठे करता येईल?

पुण्याची एनसीएल, म्हणजे नॅशनल केमिकल लॅबोरेटरी, पहिली. १९५० ला सुरू झालेली ही लॅब झिओलाइट कॅटॅलिस्टसाठी जगात ओळखली गेली, डॉ. पॉल रत्नसामी यांच्या काळात इथे बनलेला एन्सिलाइट कॅटॅलिस्ट झायलीनच्या प्लांटमध्ये प्रत्यक्ष वापरला गेला. आणि २०१२ मध्ये इथूनच, तेव्हा एनसीएलमध्ये असलेल्या डॉ. राहुल बॅनर्जी यांच्या ग्रुपमधून, आम्लात आणि उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या सीओएफ आल्या, तोपर्यंत सीओएफ म्हटलं की पाण्यात विरघळून-मोडून जाणार असंच समीकरण होतं. ते पुढे आयसर कोलकात्याला गेले, २०१८ चं भटनागर पारितोषिक मिळालं. एनसीएलमधली पीएचडी एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत होते, प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्ट सत्र.

शेजारीच आयसर पुणे, तिथेही एमओएफ-सीओएफवर जोरदार काम चालतं. मुंबईत आयआयटी बॉम्बे आणि आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), आयसीटीत केमिकल इंजिनिअरिंगची बाजू भक्कम असल्यामुळे अॅडसॉर्प्शन आणि सेपरेशन प्रत्यक्ष कॉलममध्ये कसं चालतं ते शिकायला मिळतं. बीएआरसीत होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची पीएचडी, रेडिओअॅनालिटिकलमध्ये रस असेल तर तिच्यासारखी दुसरी जागा नाही. नागपूरला नीरी, पाणी-हवेच्या प्रदूषणावर काम करायचं तर तिकडे बघा, आणि व्हीएनआयटी. गोव्यात गोवा विद्यापीठ, बिट्सचा कॅम्पस आणि आयआयटी गोवा. राज्य विद्यापीठांत पुणे, मुंबई, शिवाजी, मराठवाडा, नागपूर, जळगाव सगळीकडे केमिस्ट्रीचे मान्यताप्राप्त गाईड आहेत. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर भावनगरची सीएसएमसीआरआय आणि बंगळुरूची जेएनसीएएसआर या दोन संशोधन संस्थांची नावं लिहून ठेवा.

राज्य विद्यापीठात गाईड मिळतोय, पण डिपार्टमेंटला बीईटीचं मशीन नाही. घेऊ का?

मशीन नाही एवढ्यावरून नाही म्हणू नका. आयआयटी बॉम्बेत सैफ आहे, म्हणजे सोफिस्टिकेटेड अॅनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी, तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांचे सॅम्पल पैसे भरून करून मिळतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली कुठली मशीन कुठे आहेत ते शोधून बुकिंग करता येतं. इंदूरच्या आरआरकॅटमध्ये इंडस-२ सिंक्रोट्रॉन (फार तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) आहे, प्रपोजल लिहून तिथे बीमटाइम, म्हणजे ते वापरायला वेळ, मागता येतो.

पण दोन गोष्टी बघाच. एक, रोज लागणारी मशीन जवळ पाहिजेत, निदान पावडर एक्सआरडी, एफटीआयआर, यूव्ही आणि अॅनालिटिकलची पीएचडी असेल तर चालू स्थितीतला एचपीएलसी किंवा जीसी. प्रत्येक सॅम्पलसाठी तीन आठवडे थांबायचं असेल तर प्रयोगाची दिशाच हरवते. दुसरं, बाहेर पाठवलेल्या सॅम्पलचे पैसे कोण भरणार, गाईडच्या प्रोजेक्टमधून की तुमच्या खिशातून, हे आधी तोंडावर विचारा. आणि बाहेरून बीईटी करून आणलं तर फक्त एक आकडा असलेलं पान घेऊन येऊ नका, पूर्ण आयसोथर्मचा रॉ डेटा मागा, डिगॅसिंग (तापवून पोकळ्यांतला ओलावा आणि वायू काढणं) किती तापमानाला किती तास केलं ते लिहून घ्या, सॅम्पलचं डिगॅसनंतरचं वजन मागा. आकडा तुम्ही स्वतः काढायचा.

गाईड कसा निवडायचा?

संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा, यावर मी कितीही वेळा बोलायला तयार आहे. वेबसाइटवर पेपरची यादी सगळेच टाकतात, तुम्ही त्या ग्रुपमधून आधी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची यादी बघा, किती वर्षांत सुटले, आता कुठे आहेत, कोणी अर्ध्यातून सोडलं का. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, एक जुना आणि एक नवा, गाईड समोर नसताना. विचारायचं काय, तर मशीनवर स्वतः बसायला मिळतं की ऑपरेटरला सॅम्पल द्यायचं, गाईड ड्राफ्ट किती दिवसांत परत देतात, रिझल्ट मनासारखा आला नाही तर काय बोलतात. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "आकडा कमी आलाय, पुन्हा करून बघ" यात काही गैर नाही, पण "आकडा वाढवून आण" असं जिथे म्हणतात तिथून निघा, कितीही मोठं नाव असलं तरी.

गाईडकडे जागा आहे का तेही तपासा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात.

गाईडला ईमेल काय लिहू?

छोटा. रिस्पेक्टेड सर किंवा मॅडम, तुम्ही कोण, नेटचा स्कोअर, एमएस्सीचा प्रोजेक्ट दोन ओळींत, त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यात तुम्हाला कुठला प्रश्न पडला ते तीन ओळींत. तो पडलेला प्रश्न हाच ईमेलचा जीव आहे. "या सेन्सरची लिमिट ऑफ डिटेक्शन (ओळखता येणारं किमान प्रमाण) डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढलीय, बोअरच्या पाण्यात ती किती राहील?" असा एक प्रश्न पाच पानी सीव्हीपेक्षा जास्त बोलतो. एकाच वेळी चाळीस जणांना तोच मजकूर सीसी करून पाठवू नका. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचा गाईड.

विषय कसा ठरवू? गाईड म्हणतात तूच सुचव.

मग भाग्यवान आहात. माझा सल्ला, आधी सॅम्पल ठरवा आणि मग मटेरियल. आपल्याकडे उलटं होतं, मटेरियल आधी बनतं आणि मग त्याला काम शोधत फिरतात.

उदाहरण द्राक्षांचं घ्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपने नाकारली होती, नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना तो हंगाम अजून आठवतो. ज्या कीटकनाशकाला युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागते. एवढ्या खाली मोजायचं तर सॅम्पलमधली साखर, रंग, आम्लं आधी बाजूला काढावी लागतात आणि ते क्लीनअप करणारा सॉर्बंट म्हणजे पोरस मटेरियलच. शिवाय क्लोरमेक्वाट हा चार्ज असलेला, पाण्यात अतिशय विरघळणारा रेणू, नेहमीच्या मल्टिरेसिड्यू पद्धतीत तो सापडतच नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. त्याच्यासाठी निवडक असा सॉर्बंट बनवून, खऱ्या द्राक्षाच्या अर्कात स्पाइक करून (ठरावीक प्रमाण मुद्दाम घालून) रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत सापडलेला भाग, ७० ते १२० टक्क्यांच्या आत आणि आरएसडी, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलेल्या उत्तरांतला फरक, २० टक्क्यांच्या आत दाखवली, तर ते काम बागेपासून निर्यातदारापर्यंत सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

दुसरं उदाहरण विदर्भातल्या फ्लोराइडचं. यवतमाळ, चंद्रपूरच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, बीआयएसची मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५. फ्लोराइड ओढणारे पदार्थ शेकड्याने छापून आलेत, पण त्या पाण्यात बायकार्बोनेट आणि सिलिकेटही असतात आणि ते जागा अडवतात, ते धरून किती पेपरनी मोजलंय ते तुम्हीच शोधा, लिटरेचर सर्व्हेचा एक चॅप्टर तिथेच होईल.

मटेरियल निवडताना पाण्यात टिकणारं घ्या. एमओएफ-५ दमट हवेतच मोडतो, पावसाळ्यात कोकणात त्यावर काम करून बघा म्हणजे कळेल. एचकेयूएसटी-१ सुद्धा पाण्यात हळूहळू खराब होतो. युआयओ-६६ किंवा इतर झिर्कोनियमवाले बरेच टिकतात. टिकला हे दाखवायला वापरानंतरचा एक्सआरडी पुरत नाही, द्रावणात धातू किती उतरला ते आयसीपी-एमएस या धातूंचं अगदी थोडं प्रमाण मोजणाऱ्या मशीनवर मोजा.

रोजचं काम काय असतं?

बरंचसं वाट बघण्याचं. ऑटोक्लेव्ह रात्रभर ओव्हनला, मग धुणं, सॉल्व्हंट एक्स्चेंज दोन-तीन दिवस, मग व्हॅक्यूममध्ये अॅक्टिव्हेशन, म्हणजे पोकळीतला सॉल्व्हंट काढून टाकणं. हे नीट झालं नाही तर बीईटी निम्मा येतो आणि मुलं मटेरियलला दोष देतात. मग नायट्रोजन ७७ केल्विनला, मायक्रोपोरस सॅम्पलचा पूर्ण आयसोथर्म दिवस-दीड दिवस चालतो. अगदी बारीक पोकळ्यांसाठी आर्गॉन ८७ केल्विनला किंवा कार्बन डायऑक्साइड २७३ ला. बीईटीचं समीकरण १९३८ चं आहे आणि पाठ्यपुस्तकात ०.०५ ते ०.३ ची प्रेशर रेंज दिलेली असते, मायक्रोपोरसला ती तशीच लावली की उत्तर चुकतं, तिथे रुकेरॉल या शास्त्रज्ञाचे निकष वापरून रेंज ठरवायची. हे माहीत असलेला विद्यार्थी मुलाखतीत लगेच वेगळा दिसतो.

धोके काय आहेत?

डीएमएफ हा एमओएफ बनवताना वापरतात तो सॉल्व्हंट त्वचेतून आत जातो आणि प्रजनन आरोग्याला हानिकारक आहे, ग्लोव्हज आणि फ्यूम हूडशिवाय हात लावू नका. एमआयएल-१०१ या क्रोमियमच्या एमओएफच्या मूळ कृतीत हायड्रोफ्लोरिक अॅसिड आहे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लॅबमध्ये नसेल तर ती रिअॅक्शन लावायचीच नाही, एचएफ न वापरता करायच्या कृती उपलब्ध आहेत. लिक्विड नायट्रोजन बंद खोलीत सांडला तर ऑक्सिजन कमी होतो, लिफ्टमधून डीवार (लिक्विड नायट्रोजनचं भांडं) नेताना सोबत माणूस बसवायचा नाही.

परदेशात संधी कशा आहेत?

चांगल्या, आणि पैसे भरून जायचं नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. युरोपात, विशेषतः जर्मनीत, पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते, जाहिरात येते, टीव्ही-एल ई१३ या सरकारी पगारश्रेणीची अर्धी ते पाऊण पोझिशन असते, काँट्रॅक्ट मिळतं. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये कुठल्याही देशाचा उमेदवार चालतो, मुख्य अट ही की गेल्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत, आपल्याकडून थेट जाणाऱ्याला ती आपोआप पूर्ण होते. या जागा युरॅक्सेस या पोर्टलवर शोधा. ड्रेस्डेन, ऑस्लो, स्टॉकहोम ही पोरस मटेरियल्सची जुनी ठिकाणं, युआयओ-६६ मधलं युआयओ म्हणजे ऑस्लो विद्यापीठच.

ब्रिटनमध्ये सरकारी स्टुडंटशिपवर परदेशी विद्यार्थी ३० टक्क्यांपर्यंतच घेतात आणि इतर काही जागांवर फीमधला फरक उमेदवाराला भरावा लागतो, म्हणून जाहिरातीत "होम फी ओन्ली" लिहिलंय का ते बघा. अमेरिकेत पाचेक वर्षं, टीए-आरए म्हणजे टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपवर पूर्ण खर्च निघतो, अर्ज बहुतेक डिसेंबरमध्ये, जीआरई बऱ्याच ठिकाणी बंद झालीय. जपानला तिथल्या सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती, क्योटो तर कितागावांचं गावच या विषयात.

किती वर्षं लागतात? मध्ये लग्न, बाळंतपण आलं तर?

नियमाने कमीत कमी ३, जास्तीत जास्त ६ वर्षं, पुढे दोन वर्षांची मुदतवाढ. खरंतर साडेचार-पाच धरून चला. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं जास्त मिळतात आणि पूर्ण पीएचडीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा घेता येते. हे हक्काचं आहे, मेहरबानी नाही. गरोदरपणात डीएमएफ आणि क्रोमियमचं काम बाजूला ठेवून डेटा अॅनालिसिस, रिव्ह्यू लिहिणं असं करायचं, गाईडशी स्पष्ट बोलून.

फार्मा कंपनीत क्यूसीला आहे. नोकरी सांभाळून होईल?

पार्ट-टाइम पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत परवानगी आहे, कंपनीची एनओसी लागते, कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट करावेच लागतात. होऊ शकतं, पण कंपनीच्या एचपीएलसीवर थिसिसचं काम करायला लेखी परवानगी घ्या. तुमचा व्हॅलिडेशनचा अनुभव, एलओडी (लिमिट ऑफ डिटेक्शन) म्हणजे ३.३ सिग्मा भागिले स्लोप हे नुसतं पाठ नसून रोज केलेलं असणं, याची अॅकॅडमिक लॅबमध्ये खूप किंमत आहे. फुल-टाइम फेलोशिप आणि नोकरी दोन्ही एकदम मात्र चालत नाही.

पेपर किती लागतात?

यूजीसीने २०२२ पासून सक्ती काढलीय, पण विद्यापीठाचे स्वतःचे नियम असू शकतात. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलपासून लांब राहा, पोस्टडॉकच्या वेळी ती यादी अंगाशी येते. दोन नीट पेपर पुरतात.

नंतर नोकरी?

प्राध्यापकीच्या जागा कमी निघतात, हे मान्य करून सुरुवात करा. बाकी वाटा बऱ्याच आहेत, इन्स्ट्रुमेंट कंपन्यांमध्ये अॅप्लिकेशन सायंटिस्ट, रिफायनऱ्यांचे आर अँड डी विभाग, कॅटॅलिस्ट आणि रेझिन बनवणाऱ्या कंपन्या, वॉटर ट्रीटमेंट, एनएबीएल मान्यताप्राप्त फूड टेस्टिंग लॅब, फार्माचं मेथड डेव्हलपमेंट. एलसी-एमएस/एमएस स्वतः चालवता, बिघाड ओळखता आणि मेथड बसवता येत असेल तर अशा माणसाला पुणे, हैदराबाद, अहमदाबाद, वापी, कुठेही काम मिळतं. म्हणून पीएचडीत असताना मशीनची सर्व्हिस करायला इंजिनिअर आला की त्याच्या शेजारी उभे राहा आणि प्रश्न विचारत राहा.

मी आत्ता एमएस्सी पार्ट वनला आहे. आजपासून काय करू?

उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये इंटर्नशिपसाठी आत्ताच ईमेल करा, मार्च उजाडेपर्यंत थांबू नका. पार्ट टूचा प्रोजेक्ट असा घ्या की ज्यात एक तरी मशीन स्वतः चालवायला मिळेल. नेटचे जुने पेपर आठवड्याला एक. पायथन किंवा निदान ओरिजिन हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर शिका, आयसोथर्म आणि कॅलिब्रेशनचा डेटा स्वतः प्लॉट करा. आणि लॅब नोटबुक आत्तापासून नीट ठेवा, तारीख, बॅच नंबर, वजन चार दशांशापर्यंत, फसलेला प्रयोगसुद्धा, खाडाखोड न करता.